सौराष्ट्रातल्या बाईचं ताक

अष्टाध्यायी या पाणिनीच्या संस्कृत व्याकरणग्रंथाचं अगदी शेवटचं सूत्र दोन अक्षरांचं आहे: अ अ.

सुमारे चार हजार सूत्रं सांगून झाल्यावर पाणिनी एवढंच म्हणतो आणि ग्रंथ संपवतो. सूत्राचा अर्थ असा, की आतापर्यंत जो अ मी विवृत, म्हणजे उघड्या तोंडाचा, धरून चाललो, तो प्रत्यक्षात संवृत, म्हणजे मिटत्या तोंडाचा, आहे असं समजावं. म्हणजे काय, ते ज्याला त्याला आपल्याच तोंडात करून बघता येतं. 'कर' म्हणा, मग 'कार' म्हणा. 'कर'मधला अ कितीही वेळ लांबवला तरी त्याचा 'कार' होत नाही. त्यासाठी जबडा खाली यावा लागतो, तोंड आणखी उघडावं लागतं. इ आणि ई यांच्यात मुख्य फरक वेळेचा असतो. अ आणि आ यांच्यात तोंडाच्या उघडण्याचाही असतो.

पाणिनीच्या कानाला हा फरक स्पष्ट कळत होता. अडचण व्याकरणाची होती. दोन वर्ण सवर्ण, म्हणजे एका गटातले, ठरायचे तर उच्चाराचं स्थान आणि तोंडातला प्रयत्न, दोन्ही सारखे लागतात, असं त्यानंच पहिल्या अध्यायात सांगून ठेवलंय. या कसोटीवर अ आणि आ सवर्ण ठरत नाहीत, आणि ते सवर्ण नसतील तर हिम आणि आलय मिळून हिमालय होण्याचा साधा नियमसुद्धा लागू पडत नाही. मग त्यानं ग्रंथापुरता अ विवृत मानला. आठ अध्याय त्या गृहीतावर काम केलं, आणि सगळं आटोपल्यावर शेवटच्या ओळीत ते गृहीत मागे घेतलं.

मला या परंपरेची ओढ लागली ती या दोन अक्षरांपासून. नियमाच्या सोयीसाठी कानाला कळणारी गोष्ट बाजूला ठेवावी लागली, तर ती ठेवलीय हे लक्षात ठेवायचं आणि काम झालं की जागेवर नेऊन ठेवायची. एवढी सचोटी मी फार थोड्या ग्रंथांत पाहिलीय.

पाणिनी गांधारातल्या शलातुरचा. काळ साधारण इ.स.पू. पाचवं-चौथं शतक धरतात. तो एकटा उगवला नाही. शाकल्य, गार्ग्य, गालव, शाकटायन, आपिशलि अशी पूर्वसूरींची नावं तो स्वतःच सूत्रांमधून घेतो. त्याच्या हाती आलेलं ध्वनींचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झालेलं होतं. त्या ज्ञानाला शिक्षा म्हणत. वेदाभ्यासाला पूरक अशा सहा शास्त्रांत, म्हणजे वेदांगांत, तिचं नाव पहिलं घेतात. तैत्तिरीय उपनिषदात तिचा अख्खा अभ्यासक्रम एका दमात सांगून टाकलाय: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. ध्वनी कोणता, त्याचा चढउतार कसा, तो किती वेळ टिकतो, किती जोर लावायचा, गती एकसारखी कशी राखायची आणि एक ध्वनी दुसऱ्याला कसा जोडायचा. आजच्या ध्वनिविज्ञानाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका यापेक्षा लांब असते, पण तिच्यातले मोठे विषय हेच असतात.

एवढा खटाटोप का, तर मंत्र तोंडी होते. एका तोंडातून दुसऱ्या कानात आणि तिथून पुन्हा तोंडात, असाच त्यांचा प्रवास होता. मधे कागद नाही, भूर्जपत्र नाही. लिपी आल्यावरही पाणिनीय शिक्षा नावाच्या ग्रंथानं अधम पाठकांच्या यादीत 'लिखितपाठक' म्हणजे लिहिलेलं बघून म्हणणारा बसवला आहे. गात म्हणणारा, घाईनं म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि बारीक आवाजात म्हणणारा हे त्याचे सोबती. (ही शिक्षा पाणिनीच्या नावावर असली तरी त्यानं रचलेली नाही, तीत पाणिनीलाच वंदन केलेलं आहे.) चुकीची भीतीही खरी होती. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला, 'इंद्रशत्रु' शब्दातला उदात्त म्हणजे चढा स्वर शेवटी यायचा तो आधी आला, 'इंद्राला मारणारा'चा अर्थ 'इंद्र ज्याला मारील तो' असा झाला आणि जन्मलेला मुलगा, वृत्र, मारला गेला. स्वराच्या एका चुकीची ही कथा प्रत्येक शिष्याला माहीत असायची.

नुसत्या भीतीतून शास्त्र मात्र तयार होत नाही. ते कशातून झालं असावं, याचा अंदाज मला एका वेदपाठशाळेत घनपाठ ऐकताना आला. ऋग्वेदाची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते: अग्निमीळे पुरोहितम्. पदपाठात ही पदं सुटी करतात, अग्निम्, ईळे, पुरोहितम्. हा पदपाठ शाकल्याचा. घनपाठात तीच पदं पुढे-मागे फिरवत म्हणतात: अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे पुरोहितं पुरोहितमीळेऽग्निमग्निमीळे पुरोहितम्. दोन मुलं समोरासमोर बसून हे म्हणत होती आणि गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. एका जागी एकाचा दीर्घ स्वर थोडा आखूड पडला. गुरुजींनी डोळे न उघडता नुसतं बोट वर केलं, आणि दोघं त्या पदाच्या आधीपासून पुन्हा सुरू झाले.

मी ऐकत होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. 'ईळेऽग्निम्' हा जोड मूळ ऋचेत नाहीच. पदं उलटी फिरवली की असे जोड पदोपदी नव्यानं तयार होतात. ते आठवून म्हणता येत नाहीत, कारण आठवायला मूळ पाठात ते आलेलेच नसतात. ते नियमानं करावे लागतात. कोणत्या ध्वनीशेजारी कोणता ध्वनी आला की काय घडतं, हे उघडपणे माहीत असल्याशिवाय पदांचा हा खेळ एक पाऊलही पुढे जात नाही. पाठांतर बिनचूक व्हावं म्हणून योजलेल्या युक्तीनंच माणसांना पाठांतराच्या पलीकडे, ध्वनींच्या नियमांकडे नेलं असणार. प्रातिशाख्य नावाच्या ग्रंथांचा गाभाही हाच आहे, सुट्या पदांपासून संहिता म्हणजे सलग जोडलेला पाठ कसा बनतो ते सांगणं. ऋग्वेदाचं शौनकाच्या नावावर आहे, शुक्ल यजुर्वेदाचं कात्यायनाच्या, तैत्तिरीयांचं वेगळं, अथर्ववेदाची चतुरध्यायिका. प्रत्येक शाखा आपापला पाठ जपत होती आणि जपता जपता तोंडाचा अभ्यास करत होती.

या अभ्यासाची खोली बघायची तर तैत्तिरीय प्रातिशाख्याच्या दुसऱ्या अध्यायातली तीन छोटी सूत्रं पुरतात. संवृते कण्ठे नादः क्रियते. विवृते श्वासः. मध्ये हकारः. कंठ मिटलेला असेल तर नाद होतो, उघडा असेल तर श्वास, आणि मधल्या अवस्थेत ह.

गळ्यावर दोन बोटं ठेवून लांब 'स्स्स्' म्हणा, मग 'म्म्म्' म्हणा. म ला बोटांखाली थरथर जाणवते, स ला जाणवत नाही. हा घोष-अघोषाचा फरक. आज आपण सांगतो, की स्वरतंतू जवळ येऊन कंप पावले की नाद होतो, लांब असले की नुसता श्वास बाहेर पडतो. जिवंत माणसाच्या घशातली ही हालचाल डोळ्यांनी पाहून तिचं नीट वर्णन झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मानुएल गार्सिया या गायनशिक्षकानं १८५४ मध्ये दंतवैद्याच्या छोट्या आरशातून, सूर्यप्रकाश घशात पाडून, स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. प्रातिशाख्यकारांजवळ आरसा नव्हता. स्वरतंतू त्यांनी पाहिले नाहीत, त्यांना नावही दिलं नाही. ते फक्त कंठातल्या पोकळीबद्दल बोलतात, ती मिटलेली आहे की उघडी. पण कारण घशात आहे, जिभेत किंवा ओठांत नाही, हे त्यांनी अचूक ओळखलं. ग्रीक व्याकरणकारांनी ब, द, ग यांचा वेगळा गट केला होता, त्यांना 'मधले' असं म्हटलंही होतं. पण त्यांचं वेगळेपण घशातून येतं हे त्यांच्या हाती लागलं नाही.

आणि तिसरं सूत्र, मध्ये हकारः. संस्कृतातला ह घोष आहे. तो म्हणताना कंठ पूर्ण मिटत नाही, पूर्ण उघडत नाही, नाद आणि श्वास एकत्र बाहेर पडतात. पुढे ग्रंथ आणखी सांगतो, की घ, झ, ढ, ध, भ या वर्गांतल्या चौथ्या वर्णांतही हाच मधला प्रकार असतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांना हे पचायला जड गेलं. घोष असेल किंवा अघोष असेल, मधलं काय असणार? आज उपकरणांनी मोजल्यावर घ-ध-भ यांचा आवाज याच मिश्र प्रकारचा असतो हे ध्वनिविज्ञानाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आपण मराठी माणसं 'घर' आणि 'भाकरी' म्हणताना रोज हेच करतो, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना आपल्या घशात काय चाललंय याचा पत्ता असतो.

त्याच अध्यायात आणखी एक भेद केलाय, जो मला सगळ्यांत आवडतो. स्थान आणि करण. जिथे स्पर्श होतो ते स्थान, जे स्पर्श करतं ते करण. त म्हणताना दात हे स्थान, जिभेचं टोक हे करण. एक बसून असतं, दुसरं हलतं. स्वरांचं काय? तिथे स्पर्शच नाही. म्हणून स्वरांसाठी शब्द वेगळा, उपसंहार, म्हणजे जवळ आणणं. इ म्हणताना जीभ टाळूजवळ जाते आणि न टेकता थांबते. व्यंजन आणि स्वर यांची इतकी नेमकी व्याख्या, तीही निव्वळ शरीरावरून केलेली, मी दुसऱ्या कुठल्याही प्राचीन परंपरेत वाचलेली नाही.

हे सगळं ज्ञान पुढे एका तक्त्यात जाऊन बसलं आणि तो तक्ता आपण पहिलीत घोकला. क च ट त प, वरून खाली वाचत गेलं की तोंडातला प्रवास घशाकडून ओठांकडे होतो. कंठ, तालू, मूर्धा (टाळूचा वरचा भाग), दात, ओठ. आडवं वाचलं की प्रत्येक ओळीत तोच क्रम: अघोष, मग त्यालाच महाप्राण, मग घोष, मग त्याला महाप्राण, आणि शेवटी नाक उघडं. शाळेत मात्र ही वर्णमाला अक्षरं गिरवण्यासाठी येते, क कमळाचा आणि ख खटाऱ्याचा होऊन. तोंड त्यात कुठेच नसतं. वर्गातल्या कुणा मुलाला 'ट म्हणताना तुझी जीभ कुठे लागते?' असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही. आणि हाच प्रश्न मुलांना विचारला की त्यांना काय गंमत वाटते! पाच वर्षांची मुलगी तोंड उघडून, बोट घालून, ट आणि त यांच्यातलं अंतर शोधते आणि तिला ते सापडतं.

न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स यानं २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेलं भाषण सगळ्यांना माहीत असतं, संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका उगमाच्या आहेत असं सांगणारं. त्याचा १७८८ चा निबंध कमी माहीत असतो. आशियाई भाषांतले शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत हा त्याचा विषय. नागरीतली वर्णांची मांडणी इतर कुठल्याही मांडणीपेक्षा नैसर्गिक आहे, असं मत त्यात तो मांडतो. पुढे व्हिट्नी या अमेरिकन संस्कृत पंडितानं १८६२ मध्ये अथर्ववेदाचं आणि १८७१ मध्ये तैत्तिरीय प्रातिशाख्य इंग्रजी अनुवादासह छापलं, माक्स म्युलरनं ऋग्वेदाचं जर्मनमध्ये आणलं. १८८६ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना स्थापन झाली. तिचा आजचा व्यंजनांचा तक्ता पाहिला तर स्थानांचे स्तंभ ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातात, आपल्या बरोबर उलट दिशेनं. जोन्सनं ज्यांची ओळख करून दिली त्या भारतीय व्याकरणकारांशिवाय आणि ध्वनिशास्त्रज्ञांशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या ध्वनिशास्त्राची कल्पना करणं कठीण आहे, असं जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९४६ मध्ये लिहिलं.

हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं, आणि सांगायला हरकत नाही. पण त्या अभिमानात एक गोष्ट हरवते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. हे लोक कुणाचं ऐकत होते?

पाणिनीय शिक्षेत मात्रा शिकवताना म्हटलंय: चाष एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्धी. चाष म्हणजे नीळकंठ. कालमापनाचं साधन नसलेल्या जगात मुलाला ऱ्हस्व आणि दीर्घ यांचं प्रमाण समजावायचं तर झाडावरचा कावळा उपयोगी पडतो, आणि त्यासाठी आधी कुणीतरी त्या कावळ्याकडे आणि मुंगसाकडे या कानानं लक्ष दिलेलं असावं लागतं. वर्ण कसे उच्चारावेत, तर वाघीण आपल्या पिल्लांना दाढांत धरून नेते तसे: पडू द्यायचे नाहीत आणि दातही लागू द्यायचे नाहीत. आणि मग रंग नावाचा एक विशिष्ट अनुनासिक शिकवताना हीच शिक्षा म्हणते, सौराष्ट्रातली बाई 'तक्रँ' म्हणते तसा तो म्हणावा.

मी या ओळीवर दर वेळी थांबते. ती बाई बहुधा ताक विकत गल्लीतून चालली असावी. शब्दाचा शेवट तिनं नाकातून लांब ओढला, हाळी घालताना ओढतात तसा. आणि वेद शिकवणाऱ्या कुणा माणसानं तो ऐकला, ओळखला, आणि आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, की मंत्रातला हा स्वर तसा काढा. तिचं नाव कुणी लिहिलं नाही. तिचा उच्चार मात्र प्रमाण म्हणून ग्रंथात राहिला.

दोषांच्या याद्याही मी याच नजरेनं वाचते. ऋक्प्रातिशाख्याच्या चौदाव्या पटलात, म्हणजे प्रकरणात, उच्चारदोष दिलेत. जिभेचं मूळ आवळून धरलं की आवाज ग्रस्त, जबडे आखडून बोललं की संदष्ट, ओठ बांधल्यासारखे ठेवून बोललं की अंबूकृत. वाचताना ती तोंडं डोळ्यांसमोर येतात, ओठांतल्या ओठांत बोलणारा लाजरा मुलगा, दात न उघडता उत्तर देणारा. पुढच्याच पटलात वर्गही दिसतो: गुरू पूर्वेकडे, उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे तोंड करून बसतो, एक-दोन शिष्य असले तर त्याच्या उजवीकडे, जास्त असले तर जागा मिळेल तसे.

ऐकलेलं जिथे जुळलं नाही, तिथे त्यांनी मतभेद नोंदवून ठेवले. र चं स्थान कोणतं? पाणिनीय शिक्षा म्हणते मूर्धा. प्रातिशाख्यं म्हणतात दंतमूल, दातांच्या मुळाशी. ऋक्प्रातिशाख्य तर आणखी एक मत देतं, काही जण त्याला बर्स्व्य म्हणतात, हिरडीवरचा. आज आपण र म्हणताना जीभ कुठे लागते ते बघितलं तर प्रातिशाख्यांची बाजू जवळची वाटते. पण त्या काळी वेगवेगळ्या शाखांचे, वेगवेगळ्या प्रदेशांचे र खरोखरच वेगळे असतील, आणि प्रत्येकानं आपल्याला ऐकू आला तो लिहिला असेल.

इतकं जपूनही सगळं टिकलं नाही. चतुरध्यायिका ऋ चं वर्णन करते, रेफ म्हणजे र मिसळलेला स्वर. आज महाराष्ट्रात त्याचा रु झालाय, उत्तरेत रि. ध्वनी गेला, त्याचं वर्णन उरलं, आणि त्या वर्णनामुळेच काय गेलं ते आपल्याला कळतं. उलट बाजूला ळ आहे. दोन स्वरांच्या मधे आलेला ड हा ळ होतो, असं ऋक्प्रातिशाख्य सांगतं. 'ईळे'तला ळ तोच. पुढच्या संस्कृतातून ळ गेला, तिथे 'ईडे' झालं. मराठीत तो भरपूर आहे, पण दुसऱ्या वाटेनं आलेला, बहुतेक ल मधून: फल–फळ, काल–काळ. वाट वेगळी असली तरी जागा तीच, दोन स्वरांच्या मधली. म्हणून तर ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही.

आता जे लिहायचं ते टाळून या परंपरेवर प्रेम करता येत नाही. पाणिनीनं प्लुत स्वर कुठे येतो ते सांगितलंय. दुरून हाक मारताना शेवटचा स्वर तीन मात्रांचा होतो. 'दूराद्धूते च' हे सूत्र वाचलं की अंगणातून मारलेली हाक ऐकू येते. पण त्याच्या आधीचंच सूत्र आहे 'प्रत्यभिवादेऽशूद्रे'. नमस्काराला उलट आशीर्वाद देताना वाक्याचा शेवट प्लुत करावा, समोरचा शूद्र असेल तर नाही. वार्तिकात, म्हणजे सूत्रावरच्या पुरवणीत, त्या अपवादात स्त्रीचीही भर पडते. कुणाच्या नावाला तीन मात्रा मिळाव्यात हे माणसाच्या जन्मावर ठरत होतं, आणि अत्यंत अचूक कान असलेल्या माणसांनी ते तितक्याच अचूकपणे नोंदवलं. मी त्या अपवादातली. ज्या विद्येवर मी जीव टाकते, तिनं माझ्या नावाचा शेवट आखूड ठेवला असता, आणि ती शिकायला मला दारात उभंही केलं नसतं. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटलं ते याच कारणासाठी. सगळं वैभव असून तो तीनच वर्णांच्या कानाशी लागला. ही ओवी आणि ते सूत्र मला कायम शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

आणि तरी याच परंपरेत पतंजलीही आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या, पाणिनीच्या सूत्रांवरच्या महाभाष्याच्या पहिल्याच आन्हिकात (भागात) तो काही ऋषींची गोष्ट सांगतो. त्यांना लोक यर्वाण-तर्वाण म्हणत, कारण 'यद्वा नः, तद्वा नः' म्हणायच्या जागी ते 'यर्वाणस्तर्वाणः' असं म्हणायचे. पतंजली त्यांची टर उडवत नाही. ते सगळं जाणणारे होते, धर्म प्रत्यक्ष पाहिलेले होते, असं तो आदरानं सांगतो. बोलताना ते तसं बोलत आणि यज्ञकर्मात मात्र अपशब्द म्हणजे व्याकरणाला सोडून असलेली रूपं उच्चारत नसत. म्हणजे घरचं बोलणं घरचं, आणि त्यामुळे कुणाच्या ज्ञानाला उणेपणा येत नाही, हे त्याला मान्य होतं. आजही 'आनि-पानी' बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसतात, आणि हसणारे शुद्धतेचा वारसा सांगतात. तो वारसा सांगायचा तर त्यात यर्वाण-तर्वाण आहेत आणि सौराष्ट्रातली बाईही आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मुलाचा न हा दंत्य स्थानावरचा नीट उच्चारलेला न आहे. प्रातिशाख्यकारानं त्याचं स्थान आणि करण आधी लिहून घेतलं असतं.

मराठीचं असं प्रातिशाख्य करायचं तर सुरुवात च पासूनच करावी लागेल. चंद्रातला च आणि चांदण्यातला च आपण एकाच अक्षरानं लिहितो. चार आणि चारा यांत तेच. एका वेळी जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, दुसऱ्या वेळी टोक दातांमागे लागून घासत सुटतं, आणि मराठी बोलत वाढलेलं चार वर्षांचं मूल यात चुकत नाही. संस्कृतच्या तक्त्यात या दुसऱ्या च ला जागा नाही, कारण तो त्या भाषेत नव्हता. मग बोली. वऱ्हाडात आणि खानदेशात डोळ्याचा डोया होतो, आगरी-कोळी बोलींत डोला. डोळा म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूवर आपटतं. डोला म्हणताना तेच टोक पुढे सरकून दातांमागे टेकतं. डोया म्हणताना टोक टेकणंच सोडून देतं आणि जिभेचा मधला भाग तालूजवळ जाऊन थांबतो. स्थान बदलतं आणि स्पर्श जाऊन उपसंहार येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे शब्द या बदलाला जसेच्या तसे लागू पडतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींचं ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केलंय, आणि त्यातली गावोगावच्या माणसांची मुद्रणं कुणालाही ऐकता येतात. मी ती ऐकते तेव्हा डोया म्हणणारी बाई 'शाळा' म्हणताना काय करते, त्यावर कान ठेवते. घरातले शब्द आधी बदलतात की पाटीवरचे, आणि एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही उच्चार नांदत असतील तर कोणासमोर कोणता येतो, हे मला त्यातून कळून घ्यायचं आहे.